रीफ टँकचा एलईडी दिवा घरी बांधताना

रीफच्या, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या, दिव्याबाबत आपला डोळा चक्क खोटी साक्ष देतो. माणसाच्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात प्रखर वाटतो. ४५० नॅनोमीटरचा गडद निळा तेवढ्याच ताकदीचा असला तरी तो त्याच्या ४ टक्क्यांच्या आसपासच जाणवतो. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली शैवालाची गोष्ट उलटी. त्यातलं क्लोरोफिल ए ४३० च्या आसपास आणि क्लोरोफिल सी २ साधारण ४५० च्या आसपास उजेड शोषतं. समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच संपतो, निळा खोलवर जातो, आणि हे शैवाल त्या निळ्यावरच पोसलेलं आहे. म्हणून ‘टँक अंधारलेला दिसतोय’ म्हणत पांढरे बीड (सुटे एलईडी) वाढवले की दिवाणखाना उजळतो, कोरलच्या वाट्याला मात्र त्या मानाने थोडंच येतं. दिवा बांधायला घेताना डोळा बाजूला ठेवायचा आणि मीटर हातात घ्यायचा. मल्टीमीटर, तापमान मोजायचं प्रोब आणि शेवटी पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येणारा उजेड, मोजणारा मीटर. या तिघांशिवाय हे काम अंदाजपंचे होतं.

आधी एक कायद्याची गोष्ट, कारण दिव्याची ताकद तिच्यावरच ठरते. आपल्याकडे रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल, काळे कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘रत्नागिरीकडून आणलंय’ म्हणून कोणी बादलीतला दगडी कोरल दाखवला तर तिथून निघायचं. त्यामुळे इथला दिवा झोआ, मश्रूम, लेदर कोरल, स्टार पॉलिप अशा मऊ कोरल मंडळींसाठी आहे, आणि तीही कागदपत्रं दाखवणाऱ्या दुकानातून घेतलेली. यांना वाळूजवळ ५० ते ७०, मध्यावर ८० ते १२० आणि दगडाच्या माथ्यावर १५० च्या आसपास पीएआर पुरतं. परदेशातले लोक ३००-३५० पीएआरचे आकडे सांगतात ते अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलसाठी. ते आकडे गाठायच्या नादात आपले मश्रूम वितळतात.

टँक धरू या ३६ × १८ × १८ इंचांचा, म्हणजे काठोकाठ १९० लिटर. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये याहून मोठा ठेवायचा तर आधी स्लॅबचा आणि घरच्यांचा विचार करावा लागतो. या टँकला ३ वॅटवाले ३६ बीड पुरतात: ४५० नॅनोमीटरचे रॉयल ब्लू १६, ६५०० केल्व्हिनचे पांढरे ८, ४१० ते ४२५ मधले व्हायोलेट ६, ४७० चे निळे ४ आणि ४९५ चे सायन २. लाल घालू नका. कोरलला त्याची गरज नाही, वाळूवर लाल ठिपके नाचतात आणि शेवाळाला तो आवडतो. हिरव्याचीही गरज नाही, पांढऱ्यात तो पुरेसा असतो.

बीड ३ वॅटचा असला तरी तो ३ वॅटवर चालवायचा नसतो. करंट दुप्पट केला की उजेड दुप्पट होत नाही. निळ्या एलईडीची कार्यक्षमता करंट वाढेल तशी घसरते आणि उरलेली वीज उष्णता होऊन बसते. म्हणून निळे आणि पांढरे ७०० मिलीअँपिअरवर, व्हायोलेट ५०० वर. व्हायोलेट बीड सगळ्यांत आधी दगा देतो. स्वस्तातल्या बीडवरची पारदर्शक टोपी इपॉक्सीची असते, त्या तरंगलांबीला ती काही महिन्यांत पिवळी पडते आणि मग आतलाच उजेड आतच अडकतो. सिलिकॉनची टोपी नखाने किंचित दबते, इपॉक्सीची टणक लागते. दुकानात हे तपासायला दोन सेकंद लागतात. (कामाच्या बीडवर मात्र नख लावू नका, आतली सोन्याची तार तुटते. नमुन्याचा एक वेगळा मागून घ्या.) ‘यूव्ही’ म्हणून ३९५ चे बीड गळ्यात मारतात, तेही नकोत.

खरेदीसाठी पुण्यात विजेच्या सामानाची तपकीर गल्ली आहेच. गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका, मंडई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जा. तिथे २० मिलिमीटरच्या स्टार पीसीबीवर (ताऱ्याच्या आकाराच्या धातूच्या चकतीवर) बसवलेले बीड मिळतात, पण ‘ब्लू’ म्हटलं की दुकानदार ड्रॉवरमधून जे येईल ते देतो. ४५० आणि ४७० मधला फरक त्याच्या दृष्टीने नसतोच. तरंगलांबी लिहिलेलं पाकीट किंवा डेटाशीट मिळाली तरच घ्या, नाहीतर क्रीचे एक्सपी-ई२ किंवा एक्सटी-ई असे नावाचे बीड ऑनलाइन मागवा. प्रत्येक रंगाचे दोन जादा हवेतच, कारण सहा महिन्यांनी तोच बीड त्याच लॉटमधला मिळत नाही. गणपतीच्या आधी गल्लीभर टांगलेल्या निळ्या पट्ट्यांकडे बघून कुणालाही मोह होतो. आरास त्यांनी छान होते, कोरल जगत नाही. त्यांची ताकद १८ इंच पाण्याखाली पोचत नाही आणि दमट खाऱ्या हवेत त्यांचे रेझिस्टर हिरवे पडतात.

तसाच मोह ५० वॅटच्या एकाच चौकोनी चिपचा. त्यात दहा-दहा एलईडींच्या पाच माळा समांतर जोडलेल्या असतात. त्यातली एक जरा जास्त तापली की तिचं व्होल्टेज उतरतं, ती जास्त करंट खेचते, आणखी तापते, आणि शेवटी जळून बाकीच्या चारांवर भार टाकते. शिवाय ५० वॅटची सगळी उष्णता बिस्किटाएवढ्या जागेत. सुटे बीड जोडायला कंटाळवाणे आहेत हे मान्य, पण एक गेला तर एकच बदलावा लागतो.

माळा आणि ड्रायव्हर

एलईडीला व्होल्टेज देत नाहीत, करंट देतात. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि मध्ये रेझिस्टर हा प्रकार ३ वॅटच्या बीडला चालत नाही. त्यासाठी करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर लागतो. मीन वेलचे एलडीडी-७००एचडब्ल्यू आणि एलडीडी-५००एचडब्ल्यू या कामाला उत्तम. नावातल्या शेवटच्या ‘डब्ल्यू’चा अर्थ वायरी बाहेर आलेल्या असतात, पीसीबी बनवावा लागत नाही. हा ड्रायव्हर व्होल्टेज फक्त उतरवतो, चढवत नाही. त्यामुळे माळेच्या व्होल्टेजपेक्षा पुरवठा किमान ३ व्होल्टने जास्त हवा.

हिशेब असा. रॉयल ब्लूचे १६ बीड ८-८ च्या दोन माळांत, एकामागे एक जोडलेले. एका बीडला ७०० मिलीअँपिअरवर साधारण ३.२ व्होल्ट, म्हणजे माळ २५.६ ची. पांढऱ्या आठांची तेवढीच. व्हायोलेट ६ × ३.५ म्हणजे २१. निळे आणि सायन मिळून सहा, १९.२. सगळ्यांत लांब माळ २५.६ व्होल्टची, बीड जरा चढे निघाले तर २७. म्हणून ३६ व्होल्टचा एसएमपीएस (घरातली वीज उतरवून डीसी देणारा डबा) ऐसपैस पुरतो. वॅटचा हिशेब: रॉयल ब्लू ३५.८, पांढरे १७.९, व्हायोलेट १०.५, निळे-सायन १३.४, एकूण ७७.६. ड्रायव्हरमधली गळती धरून ८२. १०० वॅटचा एसएमपीएस कागदावर पुरतो, पण एप्रिल-मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेल्या एसएमपीएसकडून ८० टक्के काम सतत काढून घेणं बरं नव्हे. १५० वॅटचा घ्या, उदाहरणार्थ एलआरएस-१५०-३६.

त्या एलआरएस-१५० च्या बाजूला जाळीच्या आत एक छोटा सरकता स्विच असतो: ११५ आणि २३०. जोडण्याआधी टॉर्च मारून तो २३० वर आहे हे बघा. ११५ वर राहिला आणि आपली वीज दिली तर पहिल्याच सेकंदाला मोठा आवाज होतो आणि नवा एसएमपीएस भंगारात जातो.

एकूण पाच ड्रायव्हर: रॉयल ब्लू डावा, रॉयल ब्लू उजवा, पांढरा, निळा-सायन (हे चारही ७०० चे) आणि व्हायोलेट (५०० चा). पाचही ड्रायव्हरांचे इनपुट एसएमपीएसला समांतर, मध्ये ४ अँपिअरचा फ्यूज. पण माळांच्या परतीच्या वायरी, म्हणजे ड्रायव्हरचे आउटपुट मायनस, एकत्र करू नका आणि एसएमपीएसच्या मायनसलाही जोडू नका. गाडीच्या वायरिंगची सवय असलेला माणूस ‘ग्राउंड सगळं एकच’ म्हणून नेमकी ही चूक करतो आणि ड्रायव्हर गमावतो. प्रत्येक माळेच्या दोन्ही वायरी ड्रायव्हरपर्यंत स्वतंत्र न्यायच्या.

वीज चालू असताना माळ काढून पुन्हा लावली तर बीड मरतो. माळ सुटली की ड्रायव्हरचं आउटपुट पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत, म्हणजे ३६ पर्यंत चढून बसतं. तुम्ही वायर टेकवता त्या क्षणी तो साठलेला धक्का थेट बीडमध्ये. ‘जरा हलवून बघतो’ म्हणत ढिला कनेक्टर दाबणंही त्यातच आलं. आधी बंद, मग दहा सेकंद थांबून हात.

हीटसिंक

एका लांब पट्टीवर ३६ बीड ओळीने लावले की टँकमध्ये प्रत्येक दगडाला निळी, पांढरी, जांभळी अशा तीन सावल्या पडतात. त्यापेक्षा ३०० × १५० मिलिमीटरचे दोन हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारे पात्यांचे ठोकळे) घ्या आणि प्रत्येकावर १८ बीडचा दाट पुंजका करा: रॉयल ब्लू ८, पांढरे ४, व्हायोलेट ३, निळे २, सायन १. बीड मध्यापासून मध्यापर्यंत २५ ते ३० मिलिमीटरवर. रंग पाण्यापर्यंत पोचायच्या आत मिसळतात. एक दिवा डाव्या काचेपासून ९ इंचांवर, दुसरा २७ इंचांवर. दोघांच्या वाट्याला प्रत्येकी १८ इंचांचा चौकोन येतो.

हीटसिंकचा तळ ५ ते ६ मिलिमीटर जाड असावा आणि फिन (पाती) २५ मिलिमीटरपेक्षा उंच. स्लायडिंगच्या खिडक्यांचा अ‍ॅल्युमिनियम सेक्शन दिसायला ठीक असतो, पण तो इतका पातळ की त्यात आटा धरत नाही आणि उष्णता बीडखालीच कोंडते. एम३ च्या स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचं भोक पाडून टॅपने आटे पाडायचे. अ‍ॅल्युमिनियम टॅपला चिकटतं, म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकत अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे. कोरडा टॅप ओढला की तो आतच तुटतो, आणि तुटलेला टॅप काढण्यापेक्षा शेजारी नवं भोक पाडणं स्वस्त. टॅप, नायलॉनचे वॉशर, स्क्रू हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत होतं.

स्टारच्या पोटाला मुगाच्या दाण्याएवढी पांढरी हीटसिंक पेस्ट. जास्त लावली म्हणजे जास्त चांगलं, असं होत नाही. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायचं असतं, थर द्यायचं नव्हे. उष्णतेचा चिकटणारा इपॉक्सीही मिळतो, पण त्याने बसवलेला बीड बदलायची वेळ आली की छिन्नी लागते. स्क्रूच बरे.

सोल्डरिंगला ६० वॅटचं आयर्न हवं. २५ वॅटच्या आयर्नने स्टार पीसीबीवर सोल्डर वितळतं, पण धरत नाही. वर वर चकचकीत दिसणारा गोळा महिनाभराने सुटतो. कारण सोपं: अ‍ॅल्युमिनियमचा पाठीराखा सगळी उष्णता ओढून घेतो. म्हणून हीटसिंकवर बसवायच्या आधीच, लाकडी फळीवर ठेवून, सगळ्या पॅडवर सोल्डर चढवून घ्या. नंतर फक्त वायर टेकवायची. वायर ०.५ स्क्वेअर एमएमची, जमल्यास सिलिकॉनचं आवरण असलेली, कारण पीव्हीसी आयर्नच्या जवळ आक्रसतं.

सगळं जोडून झालं की वीज द्यायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक हीटसिंकला, दुसरं एकेका बीडच्या प्लस-मायनसला. कुठेही ‘टीं’ वाजता कामा नये. वाजलं तर सोल्डरचा गोळा स्टारच्या कडेवरून खाली उतरलेला असतो किंवा स्क्रूचं डोकं पॅडला टेकलेलं असतं. नायलॉनचा वॉशर याचसाठी. एका ठिकाणचा असा स्पर्श लगेच काही करत नाही. दोन ठिकाणी झाला की मधले सगळे बीड वगळले जातात, आणि आपण तासभर ‘हे चारच का पेटत नाहीत’ म्हणत बसतो.

मग तापमान. दिवा पूर्ण ताकदीवर तासभर चालवून मधल्या बीडच्या स्टारच्या कडेला मल्टीमीटरचं थर्मोकपल दाबून धरा. ५५ अंशांच्या आत हवं, तेही मे महिन्यात. डिसेंबरात ४० भरलं म्हणून खूश होऊ नका, त्यात ऋतूचे १५ अंश मिळवून बघा. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर सपशेल कमी दाखवतो. तोच वापरायचा असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. आकडा जास्त आला तर प्रत्येक हीटसिंकवर १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा, हवा फिनवर ढकलणारा. पाण्यावरची खारट हवा वर खेचणारा पंखा वर्षभरात बेअरिंग खातो.

डोकं

घड्याळ आणि मंदपणा सांभाळायला अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि डीएस३२३१ चं घड्याळ-मॉड्यूल. एलडीडीला १०० ते १००० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झपाझप चालू-बंद होऊन उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल) चालतो आणि नॅनोच्या ३, ९, १०, ११ या पिना मूळचेच ४९० हर्ट्झ देतात, कोडमध्ये टायमर बदलायची गरज नाही. दोन्ही रॉयल ब्लू ड्रायव्हर एकाच पिनवर, बाकी तीन स्वतंत्र. नॅनोला आणि पंख्यांना १२ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडॉप्टर. त्याचा मायनस मात्र ३६ व्होल्टच्या एसएमपीएसच्या मायनसला जोडायलाच हवा, नाहीतर डिमच्या (दिवा मंद करायच्या) वायरीला संदर्भच राहत नाही आणि दिवे मनमानी करतात. (ड्रायव्हरच्या इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस वेगळे, हे वर आलंच.)

इथे एक खाच आहे. एलडीडीची डिम वायर मोकळी राहिली तर ड्रायव्हर तिचा अर्थ ‘पूर्ण चालू’ असा घेतो. नॅनो सुरू होताना पहिली दीड-दोन सेकंदं त्याच्या पिना मोकळ्याच असतात. म्हणजे रात्री वीज जाऊन आली की झोपलेल्या टँकवर अख्खा दिवा भपकन पेटतो. नॅनो बिघडला तर पेटलेलाच राहतो. उपाय: डिम वायर आणि इनपुट मायनस यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, मग नॅनो काढून ठेवून डिमवरचं व्होल्टेज मोजा. ०.८ च्या खाली उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर ४.७, मग २.२ किलोओहम. आणि अ‍ॅडॉप्टर व एसएमपीएस एकाच बोर्डाच्या एकाच स्विचवर.

बाजारात मिळणारं निळ्या पीसीबीवरचं डीएस३२३१ मॉड्यूल मुळात रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. आपण त्यात साधा सीआर२०३२ टाकतो. मॉड्यूल त्याला चार्ज करत राहतं आणि सेल फुगतो. काचेच्या छोट्या डायोडशेजारी ‘२०१’ छापलेला एक तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर असतो. त्याच्या दोन्ही टोकांना आयर्न लावून तो उचलून टाका. चार्जिंग बंद, घड्याळ मजेत चालू.

कोडमध्ये प्रत्येक रंगाला चारच आकडे पुरतात: सुरुवातीचं मिनिट, चढायला लागणारी मिनिटं, शेवटचं मिनिट आणि २५५ पैकी कमाल मूल्य. निळे आणि व्हायोलेट दुपारी १२ ला सुरू, २ पर्यंत चढते. पांढरे २ ते ६. निळे रात्री साडेआठपासून उतरत साडेनऊला बंद. संध्याकाळी घरी आल्यावर टँक बघायचा असतो, म्हणून दिवस असा पुढे सरकवलेला. कोरलला सूर्य किती वाजता उगवतो याच्याशी देणंघेणं नसतं, दिवस रोज सारखा असला म्हणजे झालं. वीज साधारण सरासरी ५० वॅट धरली तर महिन्याला १५ युनिटच्या आत-बाहेर. इन्व्हर्टरवर दिवा टाकू नका. गुरुवारी महावितरणची दिवसभराची कामं निघाली तर इन्व्हर्टरवर टँकचं पाणी फिरवणारा पंप चालू राहणं जास्त मोलाचं. कोरलला एक दिवस ढगाळ गेला तर काही होत नाही, ऑक्सिजन संपला तर मासे संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

टांगणं, खारट वाफ आणि २३० व्होल्ट

उघड्या बीडचा उजेड १२० अंशांत पसरतो आणि त्यातला बराच काचेबाहेर सोफ्यावर जातो. ९० अंशांची लेन्स लावून दिवा पाण्यापासून ८ इंचांवर टांगा. तिरपा किरण पाण्यात शिरताना आत वळतो. ४५ अंशांनी आलेला पाण्याखाली ३२ अंशांवर जातो, त्यामुळे पृष्ठभागावर १६ इंचांचं वर्तुळ झालं की खालचे १८ इंच नीट झाकले जातात. ६० अंशांच्या लेन्स या खोलीला नकोत. त्या मध्यभागी भाजतात आणि कोपरे उपाशी ठेवतात.

दिव्याखाली ३ मिलिमीटरची पारदर्शक अ‍ॅक्रेलिक, कडेने हवेला फट ठेवून. ती पूर्ण बंद करून काचेच्या सिलिकॉनने सील करायचा विचार मनातून काढा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ तांबं गंजवते, आणि बंद डब्यात कोंडलेल्या अशा वाफा बीडच्या सिलिकॉन टोपीत शिरून तिला तपकिरी करतात. पावसाळ्यात वायरींच्या जोडांवर पीसीबीचं लॅकर मारायचं तेही ब्रशने, टोप्यांना न लावता.

एसएमपीएस, अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर टँकच्या वर किंवा संपशेजारी (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीशेजारी) नाही. बाजूच्या भिंतीवर, हवा खेळेल असे. दिव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक केबलला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. हीटसिंकला अर्थिंग आणि सगळ्या टँकच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). बिल्डरने बसवलेला एमसीबी म्हणजे आरसीसीबी नव्हे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

मोजणं आणि चढवणं

लक्स मीटरचं अ‍ॅप इथे कुचकामी आहे. भर उन्हात १ पीएआर म्हणजे साधारण ५४ लक्स. ४५० नॅनोमीटरच्या निव्वळ निळ्यात तेवढ्याच १ पीएआरला जेमतेम ७ लक्स भरतात. अ‍ॅपवर ‘फक्त ८०० लक्स’ बघून दिवा वाढवणारा माणूस प्रत्यक्षात १०० हून जास्त पीएआर देत असतो. पीएआर मीटर विकत घेणं परवडत नाही, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक फिरवावा. अ‍ॅपोजीचा घ्याल तर पूर्ण स्पेक्ट्रमचा, पाण्यात बुडणारा. त्यांचे जुने सेन्सर गडद निळा कमी मोजतात. वाळूवर नऊ ठिकाणी, दगडाच्या मध्यावर आणि माथ्यावर, पंप चालू ठेवून मोजा. लाटांमुळे आकडा नाचतो, दहा सेकंदांची सरासरी धरा.

मोजलेलं लक्ष्य कितीही असलं तरी पहिल्या आठवड्याला कमाल ३० टक्के, पुढे दर आठवड्याला ५ टक्के जास्त. उजेड कमी पडला तर झोआचे देठ लांब होतात आणि चकत्या वर ताणल्या जातात. जास्त झाला तर मश्रूम कडेने आत वळून सुपारीएवढे होतात, झोआ भर दुपारी मिटतात, लेदर कोरल दिवसेंदिवस पॉलिप बाहेर काढत नाही. (लेदर अधूनमधून मेणचट कात टाकतो, तेव्हाही तो असाच रुसतो. आठवडाभर थांबून मग दिव्यावर आळ घ्या.) वाढ दिसली की तिथेच थांबा. ५० टक्क्यांवर सगळं खुशीत असेल तर उरलेले ५० टक्के बीडचं आयुष्य वाढवायच्या कामी येतात.

एखादी अख्खी माळ अचानक विझली तर बहुतेक वेळा एकच बीड गेलेला असतो किंवा एकच जोड सुटलेला. वीज बंद करा, ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घेऊन एकेका बीडला टेकवा. चांगला बीड मिणमिणतो, गेलेला गप्प राहतो. सगळेच मिणमिणले तर जोड बघा, तेही ठीक असले तर शेजारच्या माळेचा ड्रायव्हर लावून बघा. माळ विझत नाही पण लुकलुकते, आणि तीही दिवा तापल्यावरच, तर सोल्डरचा कच्चा गोळा धरा.

आणि अ‍ॅक्रेलिकवर मिठाचा पांढरा थर चढत राहतो. तो डोळ्याला दिसेपर्यंत पीएआर बराच खाऊन झालेला असतो. दर पंधरा दिवसांनी दिवा बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याने पुसा. नळाच्या पाण्याने पुसलं तर मिठाच्या जागी चुन्याचे डाग बसतात.